सरदार जयवंतराव नावाचं कोणी नव्हतंच

संपादकसाहेब दरवर्षी श्रावणात फोन करतात. "आजी, तुमच्या नोकरीच्या आठवणी द्या की आमच्या दिवाळी अंकाला." दरवर्षी मी गुडघे, मोतीबिंदू किंवा नातीची परीक्षा पुढे करते आणि सुटते. यंदा फोन मीच केला. म्हटलं, लेख देते, पण दोन अटींवर. अंक दसऱ्याच्या आधी हातात पडला पाहिजे, आणि शेवटून दुसरा परिच्छेद जसाच्या तसा छापायचा, त्यातला एक शब्दही हलवायचा नाही. ते म्हणाले, "एवढं काय आहे त्या परिच्छेदात?" म्हटलं, माझी लबाडी आहे.

मी ग्वाल्हेरची. तेहेतीस वर्षं महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका चित्रदालनात नोकरी केली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या लोकांना कळेल, बाकीच्यांना कळून काय करायचंय? तीन दालनं, त्यात तैलरंगातली माणसंच माणसं. सरदार, दिवाण, त्यांच्या बायका, एक पाळलेला चित्ता आणि दोन कुत्रे. कागदावर माझं पद होतं 'सहायक'. म्हणजे चित्रांची नोंद ठेवायची, पाहुण्यांना हिंडवायचं, ऊन कुठल्या खिडकीतून कुणाच्या गालावर येतंय ते बघून पडदा ओढायचा, आणि कोणी चित्राला बोट लावलं की घसा खाकरायचा. माझ्या खाकरण्याला सगळं दालन घाबरायचं. चित्तासुद्धा.

लोकांना वाटतं, जुनी व्यक्तिचित्रं म्हणजे एकाच छापाची मिशाळ माणसं. बघायची पद्धत चुकते, दुसरं काही नाही. लोक आधी चेहरा बघतात. चेहरा सगळ्यांत शेवटी बघावा, कारण चित्रकार खोटं बोलतो ते चेहऱ्यात. पोट झाकतो, डोळ्यांत पाणीदारपणा घालतो, देवीचे व्रण पुसतो. हातांकडे मात्र त्याचं लक्ष कमी असतं, तिथे त्याच्याकडून खरं निघून जातं. म्हणून आधी हात, मग पायातले जोडे, मग शेजारचं टेबल. आमच्याकडे नऊ सरदारांच्या शेजारी एकच टेबल आहे आणि त्यावर तोच एक गुलदस्ता. नऊ खानदानी घराणी, पण फुलं एकाच सकाळची! टेबल चित्रकाराचं होतं, दुसरं काय. हे पाहुण्यांना सांगितलं की ते हसायचे आणि मग परत पहिल्या चित्रापासून बघायला लागायचे. तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत आवडता क्षण.

आधी हात बघा, हे मी हजारो लोकांना शिकवलं असेल. एका चित्राच्या बाबतीत मी स्वतः ते केलं नाही. त्याची ही गोष्ट.

नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. ती पोरगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला दालनाबाहेर काढीन. अंबाड्यात प्लास्टिकचा गुलाब, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, टाचांचे जोडे घालून फरशीवर टक टक टक. चित्रं तिच्याच आजोबांची असल्यासारखी चालायची. आमचे मुख्य अधिकारी वयस्कर होते, सोलापूरकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाई, इथे एकच गोष्ट शिका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा." मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार छान जमायचं.

तिसऱ्या दालनात दाराच्या वर एक चित्र टांगलेलं होतं. पांढरा अंगरखा, डोक्यावर शिंदेशाही पगडी, होडीसारखी, दोन्हीकडे टोकं निघालेली. गळ्यात मोती नाहीत, पगडीवर शिरपेच नाही, शेजारी ते टेबलही नाही. खाली पट्टी होती: 'अज्ञात व्यक्ती'. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या, बरोबर चार मैत्रिणी. त्या चित्राखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "ये कौन हैं? कितनी उदास आँखें हैं!"

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण पाच जणी माझ्याकडे बघत होत्या आणि अंबाड्यात गुलाब होता. मी म्हटलं, "सरदार जयवंतराव. पत्नी गेल्यावर त्यांनी सगळे दागिने उतरवले, ते पुन्हा कधीच घातले नाहीत." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही जरा भरून आलं.

नाव कुठून आलं विचाराल तर तेही सांगते, आता लपवून काय उपयोग! त्याआधी दोन महिने इंदूरहून एक स्थळ मला बघायला आलं होतं. त्याने दोनदा पोहे मागून घेतले आणि आठवड्याने नकार कळवला. त्याचं नाव जयवंत. मी त्याला भिंतीवर टांगला आणि वर विधुरही करून टाकला.

इथवरही ठीक होतं. तोंडातून निघालेलं हवेत विरून गेलं असतं. पण दोन वर्षांनी जुन्या नोंदवहीला वाळवी लागली आणि माझं अक्षर चांगलं म्हणून नवी नोंदवही लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. आमचे साहेब तेव्हा निवृत्त होऊन गावी गेले होते, नवे यायचे होते. त्या चित्राच्या ओळीत 'व्यक्तीचे नाव' हा रकाना आला. पेन थांबलं, ती गुलाबवाली पोरगी मात्र थांबली नाही. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: सरदार जयवंतराव. पुढे शेऱ्याच्या रकान्यात: पत्नीवियोगानंतर अलंकारांचा त्याग. मग नव्या साहेबांनी नोंदवहीवरून पट्ट्या नव्या करून घेतल्या. पितळी अक्षरं!

त्यानंतर तीन-चार वर्षांनी नामदेवराव आले.

माधवगंजात राहणारा माणूस, तेव्हा पन्नाशीच्या आत. स्वच्छ धोतर, काळी टोपी. चित्राखाली बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते आमचे आजोबा आहेत. सखाराम. पट्टी चुकलीय."

मी हसले. कसं हसले ते सांगायचीही लाज वाटते. म्हटलं, "काका, पगडी बघितलीत का डोक्यावरची?"

"पगडी बघूनच म्हणतोय, बाई."

"ती सरदारांची पगडी आहे."

"सरदारांचीच. पण बांधली कोणी?" ते म्हणाले. "आम्ही पगडबंद. डोक्यावर गुंडाळायचा फेटा वेगळा. पगडी लाकडी साच्यावर बांधून, टाके घालून तयार करावी लागते. सरदारांना चित्रकारापुढे बसायला वेळ नसायचा. त्यांचा चेहरा काढायचा फोटोवरून आणि पगडी काढायची आमच्या आजोबांच्या डोक्यावरून. दिवस दिवस बसायचे ते. शेवटी चित्रकार म्हणाला, एक तुझंही काढतो. हात बघा ना त्यांचे."

आणि ते दाखवायला बोट वर करून चित्राकडे गेले. मी घसा खाकरला. "चित्राला बोट लावायचं नाही. नियम आहे."

बोट लागणं शक्यच नव्हतं. चित्र दाराच्या वर, सहा हात उंच.

त्यांनी बोट खाली घेतलं. नमस्कार करून गेले. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत आले, कारण दसऱ्याला दालन बंद. खिशातून आपट्याचं पान काढलं, त्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं, वर बघून हात जोडले. घरातल्या मोठ्या माणसाला सोनं देतात तसं. दर वर्षी यायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत, मी त्यांच्याशी बोलायची नाही. ते गेले की मी झाडूवाल्या बाईला हाक मारायची, "उंबऱ्यावर कचरा पडलाय, उचल."

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, चित्रं सुटली. कसली सुटतात! माझी नात सई, कॉलेजात आहे, तिने तिचा जुना टॅब मला दिला. म्हणाली, "आजी, तू ना सारा दिन बोअर होतेस. हे बघ, पूरी दुनिया के म्यूझियम आहेत यात. फुकट!" तेव्हापासून माझी सकाळ ठरलेली. चहा, पोथी आणि मग एक चित्र. एका दिवशी एकच, जास्त नाही. कुठल्यातरी थंड देशातली तीनशे वर्षांपूर्वीची बाई असते, तिच्या गळ्यातली लेस दोन बोटांनी मोठी करत न्यायची, आणखी मोठी, इतकी की शेवटी ब्रशचा एक फटकारा दिसतो, त्यात अडकलेला एक केस दिसतो. ब्रशचा केस हो! चित्रकाराने तो काढायचाही त्रास घेतला नाही. मला त्या माणसाच्या पाठीमागे उभी असल्यासारखं वाटतं. दालनात एवढं जवळ कोणी जाऊ देणार नाही, खाकरणारी बाई असते ना तिथे. उलट टॅबवर चित्राचा आकार कळत नाही, पायाखाली फरशी नसते, शेजारी उभं राहून कोणी सुस्कारा टाकत नाही. दोन्ही हवं. वरण आणि भात दोन्ही लागतात तसं.

गेल्या महिन्यात सई ओरडली, "आजी, तुझं दालन आलंय इसमें!" आमची सगळी चित्रं कोणीतरी मोठे दिवे लावून, नीट फोटो काढून चढवली होती. मी चित्ता बघितला, कुत्रे बघितले आणि मग जयवंतराव. हात मोठे केले.

उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचे हात नव्हते ते. डावा अंगठा जाड, त्याच्या पेराशी दोऱ्याने पडलेली खाच. मी घरात साठ वर्षं शिवणकाम करतेय, मला ती खाच ओळखू येते. मग अंगरख्यावरून बोट वर सरकवलं. छातीच्या उजव्या बाजूला, पांढऱ्यावर पांढरी, एक बारीक रेघ आणि तिच्या टोकाला वळलेलं शेपूट. सुई होती ती. दोरा ओवलेली, अंगरख्यात खोचलेली. उजव्या हाताने शिवणारा सुई डावीकडे खोचतो, हा डावखुरा, म्हणून उजवीकडे. कामावरून उठून आलेला माणूस, सुई काढायची राहून गेलेली. की मुद्दाम ठेवलेली, देव जाणे. तेहेतीस वर्षं मी त्या सुईखालून ये-जा केली. वर वार्निश पिवळं पडलेलं, चित्र उंच, आणि मला सगळं माहीतच होतं.

खाली मजकूर होता, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. सरदार जयवंतराव, पत्नीवियोगानंतर अलंकारांचा त्याग. माझंच वाक्य, शब्दन् शब्द. आता ते लश्करातून निघून जगभर पोचलं होतं.

सईला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "आजी, तू एकदम झूठी निघालीस! पोहेवाला जयवंत?" मग हसू आवरून म्हणाली, "ते काका अजून आहेत का?"

दुसऱ्या दिवशी टॅब पिशवीत घालून माधवगंजात गेले. नामदेवराव अठ्ठ्याऐंशीचे झालेत. कान शाबूत, पाय गेलेले. खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "या बाई. काय पडलं होतं उंबऱ्यावर आज?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं, तरी येत राहिले.

मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "आज बोट लावा."

त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. बोट पगडीवर ठेवलं आणि एकेक पेच मोजत नेलं, ओठ हलत होते. मग म्हणाले, "डावा हात. पेच बघा कसे फिरलेत, उलटे. आमच्या आजोबांशिवाय लश्करात डावखुरा पगडबंद नव्हता. तुमच्या त्या दालनातल्या बाकीच्या पगड्या बघून या, बाई. मला तेव्हाच दिसल्या होत्या. मग मला सांगा."

रिक्षा करून तशीच दालनात गेले, तिकीट काढून. माझ्याच दालनात तिकीट काढून! तिसऱ्या खोलीत मान वर करून एकेका सरदारापुढे उभी राहिले. नऊच्या नऊ पगड्यांचे पेच उलटे. शेजारच्या खोलीतले सुलटे. टेबल एकच, हे मी जगाला सांगत फिरले होते. हात एकच, ते मला दिसलं नव्हतं. ज्याने सगळ्या खोलीची डोकी सजवली, त्याचं नाव मी पोहे खाऊन गेलेल्या माणसाला देऊन टाकलं होतं.

परत जाऊन सांगितलं. नामदेवराव म्हणाले, "मग आता लिहा. सरदार नको. सखाराम भिकाजी, पगडबंद. यंदा दसऱ्याला नातू मला खुर्चीत बसवून नेणार आहे. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?"

तिथून मी कंबर कसली. दालनात आता नेहा नावाची अधिकारी आहे. हुशार, तिशीची, चष्मा नाकावर. तिला म्हटलं, पट्टी चुकीची आहे, बदला. तिने कपाटातून नोंदवही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "आंटी, ये देखिए. रजिस्टर में तो साफ़ लिखा है. हमारे पास यही सबूत है."

माझं अक्षर. कसलं सुंदर अक्षर होतं मेलीचं!

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं.

"वही तो! आपसे अच्छा गवाह कौन होगा?"

"अगं, खोटं लिहिलंय. बनवून लिहिलंय."

मग सांगावंच लागलं. साहेबांच्या पत्नी, गुलाब, इंदूरचं स्थळ, पोहे. ती हसली नाही. चष्मा काढून पुसत राहिली. मग म्हणाली, "आंटी, आपके कहने से नाम चढ़ गया था. अब आपके कहने से ही उतार दूँ? कल कोई और आएगा, कहेगा ये मेरे नाना हैं. चाहें तो 'अज्ञात' कर देती हूँ."

मी म्हटलं, नाही. अज्ञात लिहिणं खरं होतं, जोवर कोणी सांगायला आलं नव्हतं. आता सांगणारा जिवंत आहे. त्याच्यासमोर पुन्हा अज्ञात लिहायचं म्हणजे मी त्याला दुसऱ्यांदा हसायचं.

तिने विचार केला. नियमांचं पुस्तक चाळलं. नाव बदलायला छापील संदर्भ लागतो, म्हणाली. कुठेतरी प्रसिद्ध झालेला मजकूर, लिहिणाऱ्याच्या नावासह, पान क्रमांकासह. मला आधी राग आला. जिन्यावरून उतरताना मात्र जाणवलं की हा नियम माझ्या वेळी असता, तर जयवंतराव जन्मालाच आले नसते. पोरगी बरोबर आहे. आमच्या सोलापूरच्या साहेबांना आवडली असती.

खाली येऊन बाकावर बसले आणि तिथूनच संपादकसाहेबांना फोन लावला. आता तो परिच्छेद.

मी, त्या चित्रदालनाची निवृत्त सहायक, लिहून देते की तिसऱ्या दालनाच्या दारावरील चित्रातील व्यक्तीस 'सरदार जयवंतराव' हे नाव मी माझ्या मनाने दिले व नोंदवहीत मीच लिहिले. त्यास कोणताही आधार नव्हता. पत्नीवियोगाची हकीकतही माझीच बनावट आहे. माधवगंज, लश्कर येथील श्री. नामदेवराव यांच्या सांगण्यानुसार हे चित्र त्यांचे आजोबा सखाराम भिकाजी, पगडबंद, यांचे आहे. चित्रातील व्यक्ती डावखुरी आहे, अंगरख्यावर उजव्या बाजूस दोरा ओवलेली सुई खोचलेली आहे, आणि त्याच दालनातील नऊ सरदारांच्या पगड्या डाव्या हाताने बांधलेल्या आहेत. हे मी स्वतः पाहिले आहे. नामदेवरावांनी मला हे प्रथम सांगितले तेव्हा मी हसले होते. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागते.

संपादकसाहेब, अंकाच्या दोन प्रती पाठवा, एक माधवगंजात आणि एक दालनात. नेहाने नोंदवहीतल्या त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय, नव्या पट्टीची अक्षरंही जुळवून तयार आहेत. संदर्भाच्या रकान्यात अंकाचं नाव तिने लिहून टाकलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नामदेवराव आपट्याचं पान घेऊन येतील, तेव्हा मी दारात उभी असणार आहे, झाडूवाल्या बाईला सुट्टी देऊन. रकान्यात एवढंच भरायचं राहिलंय. हे पान कितवं, ते लवकर कळवा.